ओहोटीतले घोडे आणि कैरोचा दवाखाना

सुट्ट्या लागल्या की अलिबाग-काशीदच्या लंगडत्या घोड्याचा एखादा फोटो फिरतो आणि मागणी ठरलेली: घोडागाड्या बंद करा. कळवळा खराच असतो. पण जनावर मालकापासून सोडवून प्रश्न सुटत नाही, हे कैरोत पूर्वीच दिसलं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० साली ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या पत्नी डोरोथी ब्रुक कैरोत आल्या तेव्हा ते म्हातारे, हाडं वर आलेले घोडे अजून गाड्या ओढत होते. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' वृत्तपत्राला पत्र लिहिलं, वाचकांनी पैसे पाठवले आणि सुमारे ५,००० घोडे विकत घेतले गेले. बहुतेकांना शांत मरण देणं एवढंच हातात उरलं होतं. रस्त्यावर दुसरे घोडे जुंपलेले होतेच. म्हणून १९३४ साली तिथे फुकट दवाखाना निघाला, मालकाने स्वतः जनावर आणावं असा. त्यातूनच उभी राहिलेली 'ब्रुक' संस्था आजही मालक आणि नालबंदांना (नाल ठोकणाऱ्यांना) हाताशी धरूनच काम करते, भारतातही. मला हीच वाट पटते.

आपल्या किनाऱ्यावर मोठा घात वाळूचा. चारा वाळूवर टाकला की घासागणिक वाळू पोटात जाते, आतड्यात साचते. मग घोडा पाय आपटतो, वळून पोटाकडे बघतो, लोळतो. लोळायला लागला की डॉक्टरच हवा. त्याआधी कळायचं तर ताज्या लिदीचे वरचे, जमिनीला न टेकलेले पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. तळाला वाळू बसली तर चारा त्याच दिवसापासून तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीत. थर दिसला नाही तरी निर्धास्त राहू नये, साचलेली वाळू रोज बाहेर पडतेच असं नाही.

ओहोटीच्या वेळी घोडागाडीने होणाऱ्या कुलाबा किल्ल्याच्या फेरीत साज खाऱ्या पाण्याने भिजतो. मीठ वाळलं की चामडं कडक होतं, त्यात वाळू अडकते आणि तंगाखालची (पोटाखालून आवळलेल्या पट्ट्याखालची) कातडी सोलवटते. रोज संध्याकाळी घोडा नि पट्टे गोड्या पाण्याने धुवावेत, पट्टे सावलीत वाळवून तेल लावावं. जखमेवर गोणपाट गुंडाळून गाडी जुंपू नये. दाब तिथेच राहतो.

नाल घट्ट आहे म्हणून चार महिने तशीच ठेवतात, तेही चूक. सहा ते आठ आठवड्यांनी ती काढून खूर छाटलाच पाहिजे, नाहीतर खूर पुढे वाढून पायाच्या मागच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) ताण येतो. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. 'दमलेल्याला पाणी दिलं की पोटात कळ येते' या समजापायी कितीतरी घोडे तहानलेले उभे असतात. कातडीला चिमटा काढून तहान ओळखू नका, बादली पुढे धरा.

सुरूच्या सावलीत एक हौद, गोड्या पाण्याचा नळ आणि दीड-दोन महिन्यांनी नालबंदाची फेरी. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचाच असेल तर यासाठी द्या, त्यावर सही माझीही घ्या.