फोटो नक्की कुणाचा?

एकोणिसाव्या शतकातल्या बायकांचे फोटो समोर आले की आपण लगेच हळहळतो. किती गंभीर चेहरे, बिचाऱ्यांना हसायचीही चोरी! मला हे 'बिचारी' प्रकरण फार खटकतं. १८४०च्या सुमारास एका फोटोसाठी मिनिटभर हलायचं नाही, मान डुलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू. मिनिटभर हसू टिकवून दाखवा बरं.

आणि प्रत्येक बाई काही आणून बसवलेली बाहुली नव्हती. पॅरिसमधली काउंटेस कास्तिल्योने घ्या. १८५६पासून जवळपास चाळीस वर्षं ती अधूनमधून पिएर-लुई पिएरसाँकडे फोटो काढून घेत राहिली. चारशेच्या वर फोटो! पोशाख, पोज, प्रसंग ती ठरवणार. फोटोवर रंग कसे चढवायचे हेही तीच सांगणार. एका फोटोत तिनं छोटी अंडाकृती फ्रेम डोळ्यापुढे धरलीय आणि त्यातून थेट आपल्यावर नजर रोखलीय. बघणारे आपण की ती, तेच कळेनासं होतं. पन्नाशी उलटल्यावर, रूप ओसरल्यावरही ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. लोक तिला आत्ममग्न म्हणतात. असेलही. पण रेम्ब्रांटनं स्वतःची डझनावारी चित्रं काढली की तो मात्र आत्मशोध!

अर्थात तिच्याकडे पैसा होता, वेळ होता. म्हणून मला सोजर्नर ट्रुथ जास्त भावते. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, अक्षरओळख नसलेली. गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरायची आणि खर्च भागवायला स्वतःचे छोटे कार्ड-फोटो विकायची. त्याच काळात एका गुलामाच्या पाठीवरच्या वळांचा फोटो अमेरिकाभर फिरत होता. हिनं जखमा दाखवल्या नाहीत. पांढरी टोपी, शाल, चष्मा, हातात विणकाम. एखाद्या घरंदाज बाईसारखी ताठ बसलीय. खाली छापलेल्या ओळीचा आशय असा, की देह जगवायला मी सावली, म्हणजे माझा फोटो, विकते. आणि मागच्या बाजूला १८६४ची हक्कनोंदणी, फोटोग्राफरच्या नव्हे, तिच्या नावानं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात फोटो आले १८६५मध्ये. म्हणजे बाई कायद्याच्याही पुढे!

काउंटेसचे फोटो मात्र संग्रहालयांत आजही पिएरसाँच्या नावावर लागतात. कपडे तिचे, कल्पना तिची, हुकूम तिचा. त्याचा फक्त कॅमेरा. बरं, कसबही त्याचं, मान्य. मग दोघांची नावं लावा. आणि तिचं आधी.