वाडा शाहूकालीन, तुळई टीसकाठची

साताऱ्यात आमच्या भावकीत सध्या वाड्यावरून जुंपली आहे. वाडा पाडून बिल्डरला द्यावा, असं चुलतभावांचं मत. थोरले काका म्हणतात, "तीनशे वर्षांचा शाहूकालीन वाडा आहे, एक खिळासुद्धा काढू देणार नाही." त्यावर उत्तर ठरलेलं, "कसला शाहूकालीन, सगळं भंगार आहे." लांब बसून यात तोंड घालायचा मला अधिकार किती, हा प्रश्न आहेच, पावसाळ्यात तिथे रात्री बादल्या मांडायला मी नसतो. पण दोन्ही बाजूंना वाड्याचं वय हवंय ते भांडणात वापरायला. वाडा नीट बघायची तसदी कुणी घेतलेली नाही.

मी ईशान्य इंग्लंडात, टीस नदीकाठच्या मिडल्सब्रोला राहतो. हे गाव १८३० च्या सुमारास वसलं आणि लोखंडावर वाढलं. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेल्या साताऱ्याहून हे शंभरेक वर्षांनी धाकटं. इथल्याच डॉर्मन लाँग कंपनीचा शिक्का आमच्या मागच्या सोप्यातल्या, म्हणजे ओसरीतल्या, लोखंडी तुळईवर आहे. ऑइलपेंटचे थर इतके चढलेत की अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. कंपनी निघाली १८७५ च्या आसपास, म्हणजे तुळई त्याआधीची नाही. पण भिंत? तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे बघायचं. विटांचे थर तिच्याभोवती सरळ लागले असतील तर भिंत आणि तुळई एका वेळची. भोक पाडून, चुरा-सिमेंट ठासून बसवली असेल तर भिंत जुनी आणि तुळई मागाहून आलेली.

आता कौलं. एका भावाने कौलाच्या पाठीवरचं १८६५ वाचून वाड्याचं सालच जाहीर करून टाकलं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. साच्यात ते पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. ते नाव असलेलं कौल त्याआधीचं असूच शकत नाही. शिवाय कौलं बदलली जातातच. नळीची उतरवून मंगलोरी चढवली म्हणून खालचा वाडा तरुण होत नाही.

सर्वांत फसवतात ते खांब. सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, सागवानी खांब आणि महिरप दिसली की आपण लगेच "पेशवेकालीन" म्हणून मोकळे होतो. पण सागवान फिरतं. एक वाडा पडला की त्याचे खांब दुसऱ्यात जातात. खांबावर कशाच्याही उपयोगी नसलेल्या रिकाम्या खाचा दिसल्या, तर तो आधी दुसरीकडे उभा होता असं धरावं. त्यापेक्षा जोत्याचे घडीव काळे दगड, चपट्या विटा आणि चुन्याचा दर्जा जास्त खरं बोलतात. आमच्या पुढच्या चौकात तशाच चपट्या विटा आहेत, मागे मात्र जाड इंग्रजी. थोडक्यात, पुढचा चौक खरोखर जुना असावा आणि मागचा सोपा १९ व्या शतकाच्या शेवटी किंवा त्यानंतर वाढवलेला. काका अर्धे बरोबर, भाऊही अर्धेच.

इंग्लंडात १७०० पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेली जवळजवळ प्रत्येक इमारत सरकारी वारसा यादीत जाते आणि १७०० ते १८५० मधल्या बहुतेक. मला हेवा वाटतो तो यादीतल्या नोंदींचा. घर अमुक शतकातलं, मागची बाजू नंतर वाढवलेली, खिडक्या बदललेल्या, असं त्यात भागवार लिहिलेलं असतं, आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. नंतरचे बदल लिहिल्याने घराची अब्रू जात नाही. बाकी यादीतल्या घराचा मालक सुखी असतो असं मुळीच नाही. परवानगीशिवाय बदल केला तर फौजदारी गुन्हा होतो, आणि दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जातो. साताऱ्यात असा कायदा उद्या लागू झाला तर काकाच पहिले वैतागतील.

म्हणून मी इंग्लंडसारखं करा असं म्हणत नाही. पाडायचं की राखायचं हे आधी ठरवून मग पुरावे गोळा करू नका, एवढंच म्हणतो. आधी मोजमापाचा नकाशा करा, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि घरपट्टीचे जुने उतारे काढा, काकांच्या ट्रंकेतले मोडी कागद वाचून घ्या. मग पुढचा चौक राखून मागे बांधता येईल का, हे कळेल. मला स्वतःला मागचा सोपाही आवडतो. शंभर-सव्वाशे वर्षांचं घर ना शाहूकालीन ना नवं, म्हणून त्याच्यासाठी कुणीच भांडत नाही. पण त्यापायी अख्खी भावकी अडवून धरणार नाही.

नगरपालिकेत बांधकामाचा नकाशा जाण्याआधी हे काम उरकलं पाहिजे. त्याचा खर्च माझा. गळतीचा मात्र वाटणीप्रमाणे.