पडलेला वारा आणि खालच्या बाजूला बसलेला क्रू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मंद वाऱ्यात शिडाच्या बोटीतल्या क्रूला वाऱ्याखालच्या (वारा येतो त्याच्या विरुद्ध) बाजूला बसवा, हा लांब पल्ल्याच्या शर्यतींवरच्या लेखातला सल्ला तुम्हाला उफराटा वाटला. क्लबात पहिल्याच दिवशी 'बोट सपाट ठेवा' असं शिकवतात, मग हे काय, असं तुम्ही विचारलंत. शिडांच्या पिशव्या पुढे सरकवणं ही सरळ फसवणूक आहे, असंही लिहिलंत. आणि जाता जाता टोला हाणलात: वाराच नसेल तर क्रूने करायचं काय, झोपावं! पहिल्या आक्षेपाचं उत्तर लांबणार आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

'बोट सपाट ठेवा' हे बारा नॉटच्या (ताशी बारा सागरी मैल) वाऱ्यात अगदी बरोबर. बोट फार कलली की कील (तळाखालचं पातं) आणि सुकाणू पाण्यावरची पकड सोडतात, म्हणून माणसं वाऱ्याकडच्या रेलिंगवर बसवतात. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो. बाराचे चार नॉट झाले की दाब नवव्या हिश्श्यावर येतो. बोट कलवायला त्या वाऱ्यात दमच उरत नाही. दोन-तीन नॉटने सरकणारी बोट लाटा उठवण्यात फारशी शक्ती घालवत नाही. तिला मागे खेचतं ते पाण्याचं घर्षण, आणि ते ओल्या पृष्ठभागावर ठरतं. रुंद, सपाट तळाची रेसिंग बोट आठ-दहा अंश कलवली की तळाचा बराच भाग पाण्याबाहेर येतो. शिवाय कललेल्या बोटीत शिडाचं कापड स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला लोंबतं आणि पोट धरून राहतं. सपाट बोटीत तेच कापड प्रत्येक हेलकाव्याला इकडून तिकडे आपटतं. हेल्मवरही (सुकाणूच्या दांड्यावर) थोडा ताण येतो, त्यामुळे बोट चालते आहे की थांबते आहे हे हाताला कळतं.

माणसं पुढे, डोलकाठीजवळ का न्यायची? रुंद पिछाडी पाण्यात बुडाली की मागे भोवरे सुटतात आणि बोट ते ओढत बसते. वजन पुढे गेलं की पिछाडी उचलली जाते. म्हणून ज्यांची पाळी नाही त्यांनीही खालच्या बाजूच्या, पुढच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) झोपायचं. तुमच्या टोल्याचं अर्धं उत्तर इथेच आलं: झोपलेला माणूसही वजन म्हणून कामावर असतो.

अर्थात हे सगळ्या बोटींना सारखं लागू नाही. गोव्यात बांधलेली नौदलाची तारिणी 2023 च्या केप टू रिओ (केप टाउन ते रिओ दि जानेरो) शर्यतीत उतरली होती. तसल्या जड, लांब पल्ल्याच्या बोटीत पाच-सहा माणसं इकडची तिकडे बसल्याने तळ फारसा वर येत नाही. तिथे फायदा झालाच तर मुख्यतः शिडाच्या आकाराचा.

आता फसवणूक. इथे तुम्ही निम्मे बरोबर आहात. सेलिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 51 सांगतो की न लावलेली शिडं नीट ठेवलेली असावीत आणि बोटीचा समतोल बदलण्यासाठी पाणी किंवा निर्जीव वजन हलवू नये. म्हणजे साध्या क्लब रेसमध्ये पिशव्या इकडेतिकडे हलवू नका. द ओशन रेससारख्या शर्यतींच्या नियमांत मात्र हे 'स्टॅकिंग' मान्य आहे, आणि लेख त्या प्रकारच्या शर्यतींबद्दल होता. आपल्या शर्यतीची सूचनापत्रिका आधी वाचावी. नियम 42 वेगळा: अंग हलवून बोट पुन्हा पुन्हा डोलवणं, शिडाने पंख्यासारखा वारा घालणं, सुकाणू वल्ह्यासारखं मारणं, हे सगळं निषिद्ध. खालच्या बाजूला गप्प बसून राहणं निषिद्ध नाही. त्यात 'गप्प' महत्त्वाचं. डेकवर धपधप चालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलाला शिडातला वारा झटकला जातो, आणि गेलेला वेग परत यायला काही मिनिटं जातात.

मग क्रू करतो काय? मंद वाऱ्यात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घट्ट ओढणं. बोट चालत नाही म्हणून कोणीतरी शीट (शीड आवरणारी दोरी) ताणतो, शिडाची मागची कडा बंद होते, हवा शिडाला चिकटून राहत नाही आणि बोट आणखी मंदावते. करायचं ते उलट. व्हँग (बूम, म्हणजे मुख्य शिडाखालचा आडवा दांडा, खाली ओढणारी दोरी) पूर्ण सैल. मेनशीट (मुख्य शिडाची शीट) सैल आणि ट्रॅव्हलर (मेनशीटचा सरकता आधार) वाऱ्याच्या बाजूला वर, म्हणजे बूम मध्याजवळ राहतं पण खाली खेचलं जात नाही. मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) वरच्या बॅटनजवळची (शिडातल्या आडव्या पट्टीजवळची) लोकरीची फीत बहुतेक वेळ मागे उडत राहिली पाहिजे. ती शिडामागे लपली तर मेनशीट आणखी सोडा. चार नॉटच्या खाली शीड उलट थोडं चपटं करावं (आउटहॉल, म्हणजे शिडाची खालची कडा ताणणारी दोरी, थोडी ओढून), कारण इतकी कमजोर हवा खोल पोटाला वळसा घालू शकत नाही. पाच ते आठ नॉटमध्ये पोट वाढवावं. जाड शीट काढून सहा मिलिमीटरची हलकी दोरी लावा. भिजलेली जाड दोरी विंडसीकरचा (मंद वाऱ्यासाठीच्या हलक्या पुढच्या शिडाचा) कोपराच खाली ओढून धरते.

डोलकाठीच्या टोकावरच्या यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका. वर पाच नॉट आणि डेकवर दोन, शिवाय दिशाही निराळी, असं समुद्रावर सर्रास होतं. हेल्मवाल्याने वाऱ्याच्या तोंडाशी जायचा हट्ट सोडावा, वाऱ्यापासून पाच-दहा अंश दूर वळून आधी वेग धरावा. सुकाणूची प्रत्येक मोठी हालचाल म्हणजे ब्रेक. अर्ध्या तासाने हेल्म आणि शिडं सांभाळणारी माणसं बदला, त्यानंतर नजर थकते.

वारा शून्य आणि आधीच्या वाऱ्याच्या लांब लाटा उरलेल्या, ही सर्वांत वाईट अवस्था. शिडं स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांड्यांवर) घासून फाटतात, बॅटन मोडतात. तेव्हा पुढचं शीड गुंडाळा, बूम प्रिव्हेंटरने (ते जागेवर धरणाऱ्या दोरीने) बांधा, आपटणं थांबेना तर मेनसेलही उतरवा. फाटलेल्या शिडाने नंतरचे हजार मैल काढण्यापेक्षा ते बरं.

डोल्ड्रम्समध्ये (विषुववृत्ताजवळच्या पडलेल्या वाऱ्याच्या पट्ट्यात) झोपेचा सल्ला तर घातकच. पावसाळी ढगाच्या पुढच्या अंगाला खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा झोत येतो, कधी पंचवीस-तीस नॉटचा. ढग गेल्यावर त्याच्या मागे वारा पार मरतो. म्हणून रात्री रडारवर ढगांची हालचाल बघत पुढच्या अंगाला राहायचं, आणि रीफच्या (शीड लहान करायच्या) दोऱ्या मोकळ्या, हाताशी ठेवायच्या. दोन नॉटवर हायड्रोजनरेटर (बोटीच्या वेगावर पाण्यात फिरणारं जनित्र) वीज जवळजवळ देत नाही, तेव्हा वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र) आणि रडारचं गणित सौर पॅनेलवर किंवा डिझेलवर आधीच बसवावं लागतं.

केप टू रिओमध्ये हेच शिक्षण नकाशावर मिळतं. सरळ रेषा दक्षिण अटलांटिकच्या उच्चदाब पट्ट्यातून जाते, जिथे वारा पडलेला असतो. म्हणून बोटी आधी वायव्येला, व्यापारी वाऱ्यात जातात आणि मग पश्चिमेला वळतात. किती उत्तरेला जायचं हा जुगार, आणि चुकला तर वरची सगळी कामं दिवसच्या दिवस करत बसावं लागतं.

तुमची बोट कोणती, वजन किती आणि विंडसीकर किंवा कोड झिरो (मंद वाऱ्यासाठीचं मोठं पुढचं शीड) आहे का, हे प्रतिक्रियेत आलं नाही. ते कळवलंत तर क्रू कुठे बसवायचा हे नेमकं सांगता येईल. लहान डिंगी असेल तर हिशेब थोडा वेगळा आहे.