आमचा नंबर नक्की कुठल्या रांगेत आहे?

आज पुन्हा तेच वाक्य. "मॅडम, तुमच्या व्हेरिएंटचं अलोकेशन अजून आलं नाही." आईच्या गाडीच्या बुकिंगला आज १९ आठवडे झाले. पावतीवर बॉलपेनने लिहून दिलंय, 'अंदाजे ८ आठवडे'. ती पावती आई चष्म्याच्या घरात जपून ठेवते.

तिचा डावा गुडघा क्लच दाबू देईना म्हणून तिने गाडी चालवणं सोडलं. चाळीस वर्षं स्वतः गाडी चालवणारी बाई. आता कुठे जायचं तर आधी मला विचारते, "तुला वेळ आहे का गं?" म्हणून ऑटोमॅटिक बुक केली. शोरूममधल्या गाडीत बसल्या बसल्या तिने सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिली. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझ्या ऑफिसातल्या एकीने आमच्यानंतर दोन महिन्यांनी तीच गाडी, तोच रंग, दुसऱ्या डीलरकडे बुक केला. तिला गेल्या आठवड्यात मिळाली! तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी खोदून खोदून विचारायला लागले.

आपल्याला वाटतं, आपण बुकिंग केलं की कंपनीच्या रांगेत लागलो. तशी सगळ्या गिऱ्हाइकांची एक रांग बहुतेक ठिकाणी नसतेच. कंपनी गाड्या वाटते डीलरांना, हेच ते अलोकेशन. ज्याने मागच्या काही महिन्यांत जास्त आणि झटपट विकल्या, ज्याच्या यार्डात माल पडून राहिला नाही, त्याला पुढच्या खेपेला जास्त. छोट्या डीलरला त्या व्हेरिएंटच्या महिन्याला एक-दोन, कधी एकही नाही. त्यात एखादा गिअरबॉक्स किंवा एखादा सुटा भाग कमी पडला की तेवढ्याच व्हेरिएंटचा कोटा आणखी आवळतात. म्हणजे तुमच्या पुढे किती माणसं आहेत हा अर्धाच प्रश्न. तुमच्या डीलरला महिन्याला किती मिळतात, हा दुसरा अर्धा. तो कोणी आपणहून सांगत नाही.

आणि कोट्यातली जागा मिळून कारखान्याच्या वेळापत्रकात तुमची गाडी लागत नाही, तोवर तुमची ऑर्डर ही नुसती इच्छा असते. आई त्या इच्छेची पावती जपतेय.

हो, २०२१ मध्ये जगभर चिप मिळत नव्हत्या, जपानमध्ये रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली, तेव्हा सगळेच अडकले होते. मान्य. डीलर नसलेल्या, थेट विकणाऱ्या टेस्लाकडेही लोक थांबलेत. तेही मान्य. पण चिप नाहीत म्हणून खोटा आकडा लिहून द्यायचा?

मधे एकदा आम्हाला फोन आला, "टॉप मॉडेल आहे, लगेच देतो." आमच्यासाठी कोटा नाही, पण महागातली उभी आहे! आई म्हणाली, "मला छप्पर उघडून काय करायचंय, मला क्लच नकोय." मी तरी जवळजवळ हो म्हणणार होते. माणूस थकतो हो. थकलेल्या माणसाच्या गळ्यात नको ती गाडी मारणं मला अजिबात पटत नाही.

फोनवरच्या त्या मुलावर आज मी ओरडले. ते चुकलं. वाटप त्याच्या हातात नाही, वरून जे सांगतील तेच तो बोलणार. दिवसभर माझ्यासारख्या किती जणांचं ऐकून घेत असेल. त्याची मी माफी मागितली.

मग मॅनेजरला फोनवर घेतलं आणि सरळ विचारलं. या व्हेरिएंटच्या महिन्याला किती येतात? माझ्या आधी किती जण आहेत? माझ्या नावावर चॅसी नंबर, म्हणजे ठरावीक एका गाडीचा नंबर, पडलाय का? पाच मिनिटं थांबवून ठेवलं आणि मग उत्तर आलं. महिन्याला एक, फार तर दोन. आमच्या आधी सहा जण. चॅसी नंबर नाही.

पाच मिनिटं! एवढंच हवं होतं. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तेव्हाच आम्ही दुसरीकडे गेलो असतो. त्यांना ठाऊक होतं, तरी ८ आठवडे लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर आम्ही उठून गेलो असतो.

आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, चष्म्याचं घर उघडून पावती माझ्या हातात दिली. उद्या बुकिंग रद्द करून त्या दुसऱ्या डीलरकडे जातेय. महिन्याचा कोटा आणि आमचा नंबर, दोन्ही पावतीवर लिहून घेतल्याशिवाय तिथे एक पैसा भरणार नाही.