अर्ली एक दिवस आधी पोचला असता, तर?

अमेरिकेच्या यादवी युद्धावरची एक पोस्ट इतिहासाच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असते. मजकूर थोडक्यात असा: जुलै १८६४ मध्ये बंडखोर दक्षिणेचा सेनापती जुबल अर्ली वॉशिंग्टनच्या वेशीवर धडकला, राजधानी उघडी पडली होती, मोनोकसी नदीवर एक दिवस मोडला म्हणून लिंकन वाचला, नाहीतर दक्षिणेने युद्ध जिंकलंच होतं. शेवटी फोडणीला, किल्ल्याच्या तटावर उभ्या राहिलेल्या लिंकनवर ओरडणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचा किस्सा.

‘राजधानी उघडी होती’ हे अर्धं खरं. उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने इथले कसलेले तोफखानेवाले आधीच आघाडीवर नेले होते. उरले होते शंभर दिवसांच्या बोलीवरचे नवखे, जायबंदी शिपाई आणि ऐन वेळी हातात बंदुका दिलेले सरकारी कारकून. पण शहराभोवती साठाच्या वर किल्ल्यांचं कडं होतं, जड तोफा होत्या, समोरची झाडं तोडून मारा करायला रान मोकळं केलेलं होतं. ११ जुलैच्या दुपारी अर्ली फोर्ट स्टीव्हन्ससमोर आला, तेव्हा लढण्याजोगी माणसं दहा हजारांच्या आसपास. बाकीची उन्हाने आणि धुळीने बेजार होऊन वाटेत मागे पडलेली.

‘मोनोकसीने एक दिवस खाल्ला.’ खाल्ला, वादच नाही. ९ जुलैला उत्तरेचा सेनापती ल्यू वॉलेस सहा हजारांच्या आतल्या फौजेनिशी दुपटीहून मोठ्या सैन्यापुढे उभा राहिला आणि हरला, पण दिवस गेला. मग आधीचे दिवस कुणी घालवले? खुद्द अर्लीने. ४ जुलैला हार्पर्स फेरीत त्याच्या उपाशी शिपायांनी उत्तरेच्या सैन्याने मागे टाकलेल्या खाण्यावर ताव मारला. उत्तरेच्या सिगेलची फौज जवळच्या मेरीलँड हाइट्स या टेकडीवर चढून बसली, ती हलेना. तिथे आणखी दिवस गेले आणि शेवटी वळसा घालावा लागला. शिवाय खंडण्या. हॅगर्सटाउन गावाकडून २ लाख डॉलर घ्यायचे ठरले होते. मागताना म्हणे एक शून्य गळालं आणि वीस हजारांवर काम भागलं! फ्रेडरिक गावाकडून मात्र पुरते २ लाख वसूल झाले. त्यासाठी बँकांकडून काढलेलं कर्ज फेडता फेडता त्या गावाला १९५१ साल उजाडलं.

आता मुख्य दावा. पोस्टवाल्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार साक्षीदार ग्रँट स्वतः आहे. अर्ली एक दिवस आधी आला असता, तर कुमक पोचण्याआधी राजधानीत शिरू शकला असता, असं त्याने आठवणींत लिहिलंय. शिरणं मान्य. पण टिकणार किती? ग्रँटने पाठवलेली राइटची सहावी कोअर (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) त्याच ११ तारखेला बोटींतून धक्क्यावर उतरत होती, लुइझियानाहून एकोणिसावी येत होती. १८१४ मध्ये इंग्रजांनी हेच वॉशिंग्टन जाळलं होतं. त्याने काही अमेरिका शरण गेली नाही. आणि दक्षिणेचा सेनापती ली याने अर्लीला राजधानी ताब्यात ठेवायला पाठवलंच नव्हतं. उत्तरेच्या हंटरला व्हर्जिनियातल्या शेनँडोआ खोऱ्यातून हुसकावायचं आणि धाक घालून, पीटर्सबर्गला वेढा घातलेल्या ग्रँटला तिथली काही फौज हलवायला लावायची, हा हेतू. तो बराचसा साधलाही. दहशत खरी होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी लिंकनला हे परवडणारं नव्हतं.

किस्स्याचं काय? ‘खाली उतर, मूर्खा!’ असं ऑलिव्हर वेंडेल होम्स (तेव्हाचा तरुण अधिकारी, पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश) ओरडला, ही गोष्ट गाजली ती १९३०च्या दशकात, होम्स वारल्यावर. लिंकनचा सचिव जॉन हे याच्या ११ जुलैच्या रोजनिशीत मात्र एका अनाम शिपायाने अध्यक्षांना खाली उतरायला दरडावल्याची नोंद आहे. लिंकनवर खरोखर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ उभा असलेला एक लष्करी डॉक्टर जखमी झाला. एवढं पुरेसं नाही का?

१२ तारखेच्या रात्री अर्ली परत फिरला. ३० जुलैला त्याच्या घोडदळाने पेनसिल्वेनियातलं चेंबर्सबर्ग जाळलं. पोस्टमध्ये न येणारा भाग यापुढचा आहे. चिडलेल्या ग्रँटने आपला सेनापती शेरिडन याला शेनँडोआ खोऱ्यात धाडलं. ऑक्टोबरमध्ये शेरिडनने कळवलं की गहू-चाऱ्याने भरलेली दोन हजारांवर कोठारं आणि सत्तरवर गिरण्या नष्ट केल्या. लीच्या सैन्याला धान्य याच खोऱ्यातून जात होतं.