उणे 20 वाले काकाजी

परवा सकाळी साडेसहाला लक्ष्मीनगरात मी गाडीवरून पडलो. दूध आणायला निघालो होतो. पारा 8 वर, म्हणून कानटोपी, मफलर, हातमोजे असा सगळा बंदोबस्त. वळणावर पुढचं चाक सटकलं आणि मी मोपेडसकट सिमेंट रोडवर आडवा. पडण्याचं दुःख नाही. नागपुरात वाढलेला माणूस खड्ड्यांत पडतच मोठा होतो. दुःख पुढचं आहे.

"अं हं! ब्रेक नव्हता दाबायचा."

मान वळवली. फाटकाशी एक काकाजी. अंगात गुडघ्यापर्यंतचं फुगीर परदेशी जाकीट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात हिरवा पाइप. पाइप सुरू. समोर अभ्यंगस्नान झालेली पांढरी कार, आणि तिच्याखालून निघालेला ओहोळ शेजारच्या बांधकामाची बारीक माती कालवत थेट माझ्या पाठीखाली.

"चाक घसरून राहिलं की ब्रेकवरून पाय काढायचा. जिकडे जायचं तिकडे बघायचं, तिकडेच स्टिअरिंग."

"काकाजी, ही मोपेड आहे. आणि पाणी बंद करता का जरा?"

"ब्लॅक आइस म्हणतात त्याला."

"कशाला?"

"दिसतच नाही ना ते! काचेसारखं पातळ. आपल्याला वाटते रस्ता ओला आहे, अन् असते बर्फ. मुलाकडे मिनियापोलिसला होतो ना मी, चार महिने. उणे 20! आपल्याकडे 2018 च्या डिसेंबरात 3.5 झालं, तर पेपरवाले काय नाचले!"

मीही तेव्हा दोन रजयांखाली होतो, म्हणून गप्प बसलो. आपण उन्हाळ्याचे पहिलवान. 45 मध्ये दुपट्टा गुंडाळून भरदुपारी बर्डीवर जाऊ, पण पारा 10 च्या खाली गेला की आंघोळीचा विषय काढणारा माणूस शत्रू वाटतो. असो. माझा रस्ता मात्र ओला दिसत होता आणि ओलाच होता.

"टायर कोणते?" काकाजींनी वाकून पाहिलं. मला नाही, टायरला. "7 अंशांच्या खाली साधं रबर कडक होते. तिकडे थंडीचे टायरच वेगळे."

म्हणजे माझा एक अंशाने बचाव झाला होता. उताणा पडून.

"डिक्कीत वाळूची पोती टाकतात काही लोक, मागच्या चाकावर वजन येते. रस्त्यावर मीठ. पण लईच थंडी पडली की मीठही चालत नाही बरं!"

तोवर मी एकटाच उठलो, एकट्यानेच गाडी उचलली. उजवा हातमोजा फाटून तळवा बाहेर आला होता. त्यांनी हात दिला नाही. कसा देतील, हातात पाइप होता. मी शेवटी म्हटलं, "काकाजी, तुमच्याच पाण्यावरून पडलो मी."

"तेच तर सांगून राहिलो! पाणी हेच मूळ. गोठलं की संपलं."

यावर काय बोलणार? याच गल्लीत मे महिन्यात टँकर आला की दोन बादल्यांवरून माणसं हमरीतुमरीवर येतात, आणि डिसेंबरात प्यायचं पाणी सिमेंटवर सोडायचं! कार अंगणात का धुवत नाहीत म्हणाल, तर रस्ताच घरांपेक्षा हातभर उंच करून ठेवलाय. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी अंगणात शिरतं आणि अंगणातली कार कायमची रस्त्यावर येते. दाद कुणाकडे मागायची? मागून पाहिली आहे. फॉर्म भरून घेतात.

गाडी सुरू केली तर पाठीमागून आवाज, "सांभाळून! पुढे पूल आहे! खालून-वरून दोन्हीकडून गार हवा लागते, पूल आधी गोठतो!"

कपाळाला हात लावणार होतो, पण तळवा झोंबत होता.

नाग नदीच्या पुलावर आलो. खालून नदीचा नेहमीचा वास, वर कोवळं ऊन. आणि मी, सांगायला लाज वाटते, ब्रेकवरची बोटं काढली, हँडल सरळ धरलं आणि पायी चालल्यासारखा पूल ओलांडू लागलो. मागच्या ऑटोवाल्याने तीनदा हॉर्न वाजवला. मग बाजूने काढताना मान बाहेर घालून ओरडला, "काहून बे, बर्फ पडला का?"