ओळखीच्या नावाने आलेली फाइल सुरक्षित असतेच असे नाही

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील काही व्हॉट्सअ‍ॅप गटांत असा संदेश फिरतो आहे की, ओळखीच्या माणसाच्या ईमेलला जोडलेली फाइल निर्धास्तपणे उघडावी, कारण व्हायरस फक्त अनोळखी पत्त्यांवरून येतो. हे खरे नाही. घरच्या संगणकावर मुलांची प्रमाणपत्रे आणि शेतीचे उतारे जपून ठेवणाऱ्या कुटुंबांचे यामुळे मोठे नुकसान होऊ शकते, म्हणून हा खुलासा.

मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस नेमका ओळखीच्यांच्याच नावाने येत असे. जोडलेली फाइल उघडताच तो आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅममधील पत्त्यांच्या यादीतील सर्वांना स्वतःची प्रत पाठवत असे. म्हणजे पत्ता खरोखरच मित्राचा असे, पत्र मात्र त्याने लिहिलेले नसे. शिवाय फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि शेवटी ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती, आणि विंडोज हा शेवटचा भाग लपवत असल्याने घातक प्रोग्रॅम साध्या मजकुरासारखा दिसे. विंडोज आजही तो भाग आपणहून लपवते, तेव्हा फाइल एक्सप्लोररमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये फाइली पाहण्याच्या खिडकीत, पूर्ण नाव दिसेल असा बदल आजच करून घ्यावा.

अनपेक्षित फाइल आली तर पाठवणाऱ्याला आधी फोन करून विचारावे. वर्ड किंवा एक्सेलची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल, तर ते दाबू नये, कारण त्याने फाइलमध्ये दडलेला प्रोग्रॅम चालू होऊ शकतो. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवावा, कारण खंडणी मागणारे व्हायरस संगणकाला जोडून ठेवलेल्या पेनड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद करतात.